शेवटची नावं

इन्स्पेक्टरने चौथ्या माणसालाही तेच विचारलं, "चहात साखर किती घेता?" आणि हॉटेलमालक लाडूकडे जमलेल्या मंडळींनी कपाळाला हात लावला.

कॅसलरॉक स्टेशनसमोरच्या त्या हॉटेलात गावातला एकुलता एक रेडिओ होता. दर बुधवारी संध्याकाळी सातला त्यावर खुनाचं नाटक लागे. लाकडाच्या व्यापाऱ्याचा खून पहिल्याच बुधवारी झाला होता. आज दहावा बुधवार, शेवटचा भाग, आणि इन्स्पेक्टर अजून चहातच बुडालेला.

"एवढ्यात गाडी लोंढ्याला जाऊन परत आली असती," इंदुआक्का म्हणाल्या. या म्हातारबाई दर बुधवारी नाटकाच्या नावानं बोटं मोडायच्या आणि दर बुधवारी सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीकडची जागा धरायच्या. बाकीचेही तसलेच. शिव्या घालायच्या, पण उठायचं नाही.

कुरकुर न करणारी एकटी रुक्मिणी. ती बाहेर पायरीवर बसे. इन्स्पेक्टर जितका रेंगाळे तितकं तिला बरं वाटे, कारण दुसऱ्याच बुधवारी तिने तो आवाज ओळखला होता. तो तिच्या नवऱ्याचा, भिकाजीचा होता.

भिकाजी बारा वर्षांपूर्वी बांबू तोडायला जंगलात गेला तो आलाच नाही. ओढ्याकाठी त्याचा सदरा आणि कोयता तेवढा सापडला. लोक म्हणाले, वाघानं नेला. देह मिळाला नाही तर माणूस मेला कसा, असं रुक्मिणी विचारायची आणि ठसठशीत कुंकू लावायची. पण बारा वर्षं भरली की रीत ठरलेली. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि बायकोनं बांगड्या फोडायच्या.

धाकटा दीर परशू काही वाईट माणूस नव्हता. त्यानं वहिनीला बारा वर्षं सांभाळलं होतं. पण थोरल्याचं कार्य अडलेल्या घरात त्याच्या मुलीला सोयरीक येईना. त्यानं भट सांगितला, पळस आणून पडवीत ठेवला. दिवस उद्याचाच होता.

आवाजाचं तिनं सांगितलं तेव्हा तो हसला. "वैनी, आवाजासारखा आवाज असतोय." पण जत्रेच्या नाटकांत भिकाजी कामं करायचा, हे त्यालाही आठवत होतं. अखेर तो एवढ्याला कबूल झाला, की रेडिओवर भावाचं नाव आलं तर पळस जाळायचा नाही. नाही आलं तर वहिनीनं उद्या मुकाट बसायचं. म्हणून आज तोही हॉटेलात येऊन बसला होता.

आता नाव ऐकू यायचं कसं? नाटकानंतर काम करणाऱ्यांची नावं सांगतात, हे लाडूला ठाऊक होतं. पण रेडिओची बॅटरी यायची बेळगावहून, ती नुसत्या नावांवर जाळायला तो काही खुळा नव्हता. शेवटचं वाक्य पडलं की तो बटण फिरवून मोकळा. रुक्मिणीनं दोनदा विनवलं, तर म्हणाला, नावं ऐकून काय त्यांना पोरी द्यायच्या हायत?

इकडे इन्स्पेक्टरनं चहाचा कप खाली ठेवला. आवाज न चढवता म्हणाला, व्यापाऱ्याचा खून फिर्याद देणाऱ्यानेच केला, त्याच्या सख्ख्या भावानं.

दहा बुधवार ज्याच्यासाठी सगळे हळहळले होते तोच खुनी निघाला. इंदुआक्कांच्या तोंडातलं पान चावायचं राहिलं. मग व्यापाऱ्याची विधवा रडू लागली, आणि असं रडली की मागचे पोर्टरही खाली बघू लागले. रुक्मिणीनं पदरानं डोळे टिपले. उद्या आपलीही हीच गत, असं तिच्या मनात आलं, आणि त्या न पाहिलेल्या बाईबद्दल तिला फार माया वाटली.

रडणं थांबलं. लाडूचा हात बटणाकडे गेला. रुक्मिणी कधी नव्हे ती आत आली आणि तिनं बटणावर आपला पंजा ठेवला.

"आज न्हाई," ती म्हणाली.

लाडू काही बोलणार तोच रेडिओतून नावं सुरू झाली. लेखकाचं झालं, संगीताचं झालं. मग, "इन्स्पेक्टर, भिकाजी मिराशी."

एकच गलका उडाला. इंदुआक्का म्हणाल्या, आपल्याच गावच्या लेकाला दहा बुधवार शिव्या घातल्या की गं बाई! परशू बारा वर्षांत भावासाठी रडला नव्हता तेवढा रडला. लाडूनं सगळ्यांसाठी चहा टाकला. त्या गडबडीत पुढची नावं कोणाच्या कानावर पडली नाहीत.

रुक्मिणी रेडिओला खेटून उभी होती. तिला ती ऐकू आली.

"व्यापाऱ्याची विधवा, सौ. यमुना भिकाजी मिराशी."

तिनं बटण फिरवलं. परशू डोळे पुसत उठला आणि तिच्या पाया पडला. "वैनी, तुझंच खरं झालं. उद्याचं कार्य मोडतो. सकाळच्या गाडीनं जातो आन् दादाला घरी घिऊन येतो."

रुक्मिणीनं पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि कपाळ पुसलं. कुंकवाचा डाग राहिला, म्हणून पुन्हा पुसलं.

"भटाला नको म्हणू नकासा, भावजी," ती म्हणाली. "तुमचा दादा मेला. मी आत्ताच ऐकलं."