पुन्हा मोजा

"पुन्हा मोजा," तो म्हणाला.

"सर, तीनदा मोजलंय." सहायक बाईंनी उंदरिणीच्या शेपटीवरचा पट्टा सैल केला. "आता चौथ्यांदा मोजलं तर हिचा नाही, माझा रक्तदाब वाढेल."

तो हसला नाही. बाईंनी मुकाट्यानं पट्टा परत आवळला. आकडा तोच आला. उतरलेला.

खोलीत दोन्ही भिंतींना पिंजरे होते आणि पिंजऱ्यांत पोटुशा उंदरिणी. गर्भाशयाकडे जाणारी रक्तवाहिनी बारीक चिमट्यानं आवळून त्यांना तो आजार आणलेला होता. गरोदरपणात रक्तदाब चढतो, अंग सुजतं, मग झटके येतात. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलंय, ते फक्त औषध भरून देणाऱ्याला ठाऊक. मोजणाऱ्यांना ते कळू द्यायचं नाही, म्हणजे मन आकड्यांत लुडबुड करत नाही.

त्याची बायको याच आजारानं गेली होती. मुलगी तेवढी वाचली. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याच्या चिकटपणाचा कुणी राग धरत नसे. आकडा चांगला आला की तो चूक शोधत बसे. पट्टा सैल असेल. यंत्र बिघडलं असेल. पुन्हा मोजा.

कोपऱ्यात एक रोड उंदरीण होती. बाई तिला काडी म्हणत. एके दिवशी काडीनं खाणं टाकलं. तिचा रक्तदाब चढतच गेला. तो सकाळपासून तिच्यापाशीच बसून राहिला. दुपारी तिथंच त्यानं डबा उघडला आणि, कधी नव्हे तो, सगळा संपवला.

"बरं झालं जेवलात," बाई म्हणाल्या. "रोज अर्धा डबा परत नेता. घरी सासूबाईंना काय वाटत असेल!"

"हिला औषधच असणार," तो काडीकडे बघत म्हणाला.

"शुभ बोला हो, सर."

काडी दुसऱ्या दिवशी गेली.

निकालाच्या सकाळी औषध भरणारा आला. त्यानं खुर्ची ओढायच्या आतच याचा प्रश्न आला.

"काडीला काय होतं?"

"पाणी. गेल्या त्या सगळ्या पाण्यावरच्या. औषधावरची एकही गेली नाही, पिल्लंही धडधाकट."

बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच डोळे पुसले. तो मात्र मटकन खाली बसला.

"अहो, रडा नाहीतर हसा, पण असे बसू नका," बाई म्हणाल्या.

"पुन्हा मोजता येईल?"

"आता काय मेलेल्यांना मोजू?"

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सासूबाई नातीला मांडीवर घेऊन थोपटत होत्या. त्यांनी नुसतं वर पाहिलं.

"लागू पडलं," तो म्हणाला.

त्यांचा हात थांबला. नात कुरकुरली, तसा पुन्हा चालू झाला.

"आता कुणाची लेक अशी जायची नाही," त्या म्हणाल्या. "माझीच तेवढी थोडक्यात हुकली. तुम्ही तरी काय करणार होतात? तेव्हा हे औषध नव्हतंच ना."

"नव्हतं," तो म्हणाला आणि बूट काढायला वाकला.

होतं. पहिली बाटली त्याच्याच फ्रीजमध्ये होती, आणि बायकोला ते माहीत होतं. सुजलेल्या बोटांनी त्याचं मनगट धरून ती म्हणाली होती, "दे ना रे मला." "वेडी आहेस का? अजून उंदरांनाही दिलेलं नाही," तो म्हणाला होता. ती गेली त्या दिवसापासून तो रोज एकच मागणं मागत होता. हे औषध कुचकामी निघू दे.