बुजवलेल्या फटी

नदीवरून धुणं आणताना भिकुबाई टोपलीत रोज एक दगड आणायची. नऊ वर्षांत त्या दगडांची तिने घराखालच्या उतारावर भिंत रचली, दारापर्यंत पायवाटही केली. तिचा मुलगा धनसिंग धुळ्याला ओव्हरसिअर. दिवाळीत आला, तेव्हा त्याने मायेने भिंतीतल्या सगळ्या फटी सिमेंटने बुजवून टाकल्या. श्रावणात चार दिवसांची झड लागली आणि भिंतीला पोट आलं. अंगणात हातभर भेग पडली. रजेवर आलेला धनसिंग ‘घर रिकामं करू’ म्हणत होता. भिकुबाई पहार घेऊन खाली उतरली आणि तळाचं सिमेंट फोडू लागली; धनसिंगही तिच्या मागोमाग उतरला. फटीफटीतून गढूळ पाण्याच्या धारा सुटल्या, हळूहळू नितळ झाल्या. भिंत त्यापुढे जागची हलली नाही. “पानीले वाट दी ठेव, भाऊ,” ती लेकाला म्हणाली, “मंग ते भितले धक्का लावत नही.” आईने रचलेल्या पायवाटेने वर चढताना धनसिंगने बूट काढून हातात घेतले.