माझ्यासाठी लिहिलेला गेम

लग्नाआधी नवऱ्याने माझ्यासाठी एक गेम लिहिला होता. मला दाखवायच्या आतच त्याचा तो जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला आणि मागे उरली फ्लॉपीवरची नुसत्या शून्य-एकांची एक बायनरी फाइल. "कुणाच्या नजरेलासुद्धा पडला नाही गं तो," असं म्हणून तो अजून हळहळायचा.

प्रोग्रॅमिंग हा माझा पोटापाण्याचा धंदा. लग्नाच्या वाढदिवसाला त्याला चकित करायचं, म्हणून गुपचूप जिवाचं रान केलं आणि त्या मेलेल्या फाइलचा आजच्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्रॅम बनवला. आज माझी सख्खी ताई जेवायला आली होती. ती आत पानं घेत होती, तेवढ्यात मी नवऱ्याला शेजारी बसवून डबल क्लिक केलं. पडद्यावर एक बंद दार आलं. खाली प्रश्न होता, 'तुझं लाडकं नाव?'

मी ऐटीत 'चिऊ' टाकलं. एक चिरकी धून वाजली. 'चूक.'

"जुनी फाइल आहे, बिघडली असेल. बंद कर ते," नवरा घाईघाईने म्हणाला.

धून ऐकून ताई आतूनच हसत ओरडली, "अगं वेडे, नावापुढे दोनदा स्पेस द्यायची असते त्यात!"

आणि स्वयंपाकघरातली भांडी एकदम वाजायची थांबली.

मी 'चिऊ'पुढे दोनदा स्पेस दिली. तरी 'चूक'च.



मग मी ताईचं लाडकं नाव टाकलं, पुढे दोनदा स्पेस दिली, आणि दार उघडलं.