बिननावाची चिठ्ठी

आमच्या नाना पेठेतल्या चर्चमधली प्रार्थना-विनंत्यांची पेटी दर शनिवारी एस्तेरबाई रणपिसे उघडत. सलग पाचव्या शनिवारी तीच बिननावाची चिठ्ठी निघाली: ‘देवाने मला सोडलंय, असं सारखं मनात येतं. मन आवरता येत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा.’

एस्तेरबाई भडकल्या. निवृत्त मुख्याध्यापिका त्या. एकच गोष्ट पाच वेळा सांगायची त्यांना सवय होती, ऐकायची नव्हती.

“पाळकसाहेब महिनाभर घसा कोरडा करताहेत, असल्या विचारांना मनात थारा देऊ नका म्हणून! आणि ह्या माणसाचं आपलं तेच रडगाणं.”

त्यांनी जाड पेनाने उत्तर लिहिलं आणि नोटीस बोर्डावर टाचलं: ‘चिठ्ठ्या कमी लिहाव्यात. रविवारचा उपदेश नीट ऐकावा.’

रविवारी येणारे-जाणारे ते वाचून हसत होते. पाळकसाहेबही वाचत थांबले, पण हसले नाहीत.

उपदेशाची वेळ झाली, तरी ते पुलपिटाकडे गेलेच नाहीत. पहिल्या बाकावर एस्तेरबाईंच्या शेजारी येऊन बसले आणि हलकेच म्हणाले, “बाई, चिठ्ठ्या कमी लिहीन, पण आज उपदेश तुम्ही करा. मला नीट ऐकायचाय.”