घाईत गाणारी मुलगी

“व्हर्लीन टॉलिव्हर,” रेव्हरंडनी तिसऱ्यांदा नाव सांगितलं. “कधीच कानावर आलं नाही?”

क्लबात गाणी लावणाऱ्या रॉनीनं मान हलवली. “नाही हो, रेव्हरंड. डेट्रॉइटची सोल गाणी म्हणजे माझं अर्धं आयुष्य. ऐकलं असतं तर विसरलो नसतो.”

रविवारची दुपार होती. इंग्लंडातल्या बर्स्लेमच्या कामगार क्लबात नाचायला माणसं जमू लागली होती. बहुतेक साठी उलटलेली. बूट सरकावेत म्हणून एक जण लाकडी जमिनीवर पावडर शिंपडत होता.

“आमच्याकडे ही बाळांना लावतात,” रेव्हरंड म्हणाले.

“इथंही बाळंच आहेत. फक्त गुडघे गेलेत.”

रेव्हरंड टॉलिव्हर हसले. नव्वदी पार केलेला माणूस, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या लहानशा चर्चचा पाद्री. बोलता बोलता त्यांचं प्रवचन सुरात चढायचं आणि सगळी सभा त्यांच्यामागून चढायची. व्हर्लीन त्यांची थोरली. पुढच्या बाकावर बसून ती वडिलांचा शेवटचा शब्द अलगद उचलायची आणि सावकाश, श्वास पुरवून, पार छतापर्यंत न्यायची. मग एकदा तिनं घरी न सांगता प्रेमाचं गाणं रेकॉर्ड केलं. एका फुटकळ कंपनीनं तबकड्या काढल्या, थोड्या दुकानांत दिल्या आणि उरलेल्या पेट्या विकायला तिच्याच दारात आणून टाकल्या.

“मी त्या अंगणात नेल्या आणि हातोड्यानं फोडल्या,” रेव्हरंड म्हणाले. “वर काय छापलंय तेही वाचलं नाही. देवाचा गळा बाजारात नेलास म्हणालो. त्याच आठवड्यात पोर घर सोडून गेली. वर्ष पुरं व्हायच्या आत शवपेटीतून परत आली.”

शेजारी बसलेल्या त्यांच्या नातीनं, नदीननं, आजोबांचा हात धरला.

“आजोबांना कुणीतरी सांगितलं,” ती म्हणाली, “आपल्याकडे कचऱ्यात गेलेली गाणी इंग्लंडात तिजोरीत ठेवतात. मग काय, पासपोर्ट काढा म्हणून मागेच लागले.”

“एकदा ऐकायचंय,” रेव्हरंड म्हणाले. “एकदाच. मग देवानं खुशाल बोलवावं.”

नदीन बोलली ते खोटं नव्हतं. तिकडे न खपलेल्या तबकड्या जहाजातून ढिगानं इकडे आल्या आणि त्यातल्या काहींच्या बदल्यात आज चांगली मोटार येते. म्हणून तर लपवाछपवी. दुर्मीळ चीज हाती लागली की तबकडीवर छापलेल्या नावावर कागद चिकटवायचा, खोटं नाव ठेवायचं, खोटं गाव सांगायचं, म्हणजे दुसरा कुणी शोधायला जात नाही. रॉनीचा जिवलग मित्र लेस ह्यात उस्ताद होता.

“म्हणजे पोरींचं दुसऱ्यांदा बारसं करता की!” रॉनीकडून हे ऐकून रेव्हरंड म्हणाले.

“लेस तर त्यातला पाद्रीच होता. गेला बिचारा. त्याची पेटी आता मी सांभाळतो.”

रॉनीनं डेट्रॉइटचं होतं नव्हतं ते सगळं लावलं. प्रत्येक गाणं सुरू झालं की रेव्हरंड पुढं झुकायचे आणि दोन ओळींत मागं टेकायचे. नाही. हीही नाही.

शेवटी नाचणाऱ्यांनी गलका केला. “रॉनी, ग्लोरिया लाव! गुडघे थंड पडले!”

हे क्लबाचं लाडकं गाणं. रॉनीनं तबकडी ठेवली आणि लेससारखी वेगाची कळ पुढं सरकवली. नाचायला ठेका पळता लागतो, गाणारीचा गळा बारीक झाला तरी चालतं.

रेव्हरंडनी डोळे मिटले. त्यांची बोटं गुडघ्यावर वाजू लागली. गाणं संपलं तरी थांबली नाहीत.

“ही पोरगी फार घाईत आहे रे. कुणीतरी सांगा तिला, बाई, जरा श्वास घे.” मग म्हणाले, “पण चर्चमध्ये वाढलीय हो. शब्द कसा उचलते!”

“तुमची व्हर्लीन नाही ना?” रॉनीनं जपून विचारलं.

“छे. माझी पोर सावकाश गायची. कोण ही?”

“ग्लोरिया फेन म्हणतात. न्यू ऑर्लीन्सची.”

“देव तिचं भलं करो,” असं म्हणून रेव्हरंड काठी टेकत उठले. दारात त्यांनी सत्तरीच्या रॉनीच्या डोक्यावर हात ठेवला. “कष्टी होऊ नकोस, पोरा. तू शोधलंस.”

हिवाळ्यात नदीनचा फोन आला.

“आजोबा गेले, रॉनीकाका.”

रॉनी खुर्चीत बसला. “ऐकायचं राहूनच गेलं त्यांचं.”

“हो. पण शेवटी शेवटी तुमचंच गाणं गुणगुणायचे. त्या घाईतल्या मुलीचं. फक्त सावकाश म्हणायचे, अगदी सावकाश. मला म्हणाले, माझ्या दफनाच्या वेळी व्हर्लीनसाठी प्रार्थना कराल, तेव्हा त्या पोरीचंही नाव घ्या. तिचाही बाप कुठंतरी असेल. काय हो नाव तिचं? मी विसरले.”

रॉनीच्या ओठांवर ‘ग्लोरिया फेन’ आलं आणि तिथंच थांबलं. शवपेटीवर हात ठेवून देवापुढं घ्यायचं नाव. तिथं लेसचं बारसं कसं चालेल?

“फोन ठेवू नकोस, बाळ. जरा थांब.”

त्यानं पेटीतून तबकडी काढली. मधोमध लेसच्या अक्षरातला कागद होता. तो कधी काढायचा नाही, अशी शपथ लेसनं मरताना रॉनीला घातली होती. न्यू ऑर्लीन्स हे गाव मात्र त्यानं रॉनीला एकट्याला सांगितलं होतं, आणि जगाशी कितीही खोटं बोलला तरी लेस आपल्याशी खोटं बोलणार नाही, ह्याबद्दल रॉनीला कधी शंका आली नव्हती.

“माफ कर, लेस,” तो पुटपुटला. किटलीच्या वाफेवर त्यानं तबकडी धरली आणि नखानं कागदाची कड उचलली.

कागद खालून सुटत गेला. आधी गाव दिसलं. डेट्रॉइट. मग वरचा तुकडा गळून पडला आणि खालची छापील अक्षरं कोरी करकरीत समोर आली: व्हर्लीन टॉलिव्हर.