बखूमच्या आईचं नाव

बखूमने तिसऱ्यांदा गाढवाचा आवाज काढला आणि चौथीचा अख्खा वर्ग बाकं बडवून हसायला लागला. मोहराएल खडू हातात धरून फळ्यापाशी उभी होती. फळ्यावर तिने गोल पाव काढून त्याचे चार भाग केले होते. अपूर्णांक शिकवायचे होते, पण गाडी पावाच्या पुढे सरकत नव्हती.

"मिस, पाव कुणाला?" मागून कुणीतरी ओरडलं.

"गाढवाला!" बखूम म्हणाला.

"बखूम, बस ना रे," मोहराएल काकुळतीला येऊन म्हणाली.

"बसतो की, मिस. तुम्ही पण बसा. उभं राहून राहून पाय दुखले असतील."

पुन्हा हास्याचा गदारोळ.

मागच्या भिंतीशी तिच्याबरोबर शिकणाऱ्या मुली ओळीने बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध मासेर क्लोतिल्द, ख्रिस्ती अध्यापिका विद्यालयाची मुख्य जोगीण. फ्रान्सहून आली त्याला तीस वर्षं झाली होती. अरबी व्याकरण तिचं पक्कं होतं, पण विद्यालयाच्या भिंतीबाहेरची गल्ली तिने कधी पाहिली नव्हती. छडीला तिने बंदी केली होती, ओरडण्यालाही. मूल प्रेमाने जिंकायचं, हे तिचं ठरलेलं वाक्य. मोहराएलचा परीक्षेचा पाठ गेल्या वर्षी असाच उधळला होता. आजही उधळला तर गाशा गुंडाळून गावी जायचं. गावी बापाने एका बिजवराला शब्द देऊन ठेवला होता. त्याची पहिली बायको कालव्यात सापडली होती, आणि ती पाय घसरून पडली असं फक्त तोच म्हणत होता.

मासेरने पेन उचललं.

बखूमचं आजोळ गावी मोहराएलच्याच गल्लीत. त्याच्या आईला सगळे उम्म बखूम म्हणत, बखूमची आई. पण मोहराएल लहानपणी त्या बाईच्या कडेवर बसून हिंडली होती. तेव्हा ती कुणाची आई नव्हती, नुसती तफीदा होती.

आमच्याकडे आईचं नाव उंबऱ्याबाहेर जात नाही. नवरासुद्धा चारचौघांत ते घेत नाही. पोराला बापावरून बोला, नाकावरून बोला, ते हसण्यावारी नेईल. आईचं नाव एकदा शाळेत फुटलं की मात्र संपलं. मिशा येईपर्यंत ते नाव त्याची पाठ सोडत नाही. पोराला जिवंत सोलायचं असेल तर एवढं पुरतं, आणि हे मोहराएलला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ती हसली. मधाळ आवाजात म्हणाली, "बखूम, घरी गेलास की आईला माझा सलाम सांग हं. म्हणावं, मोहराएलने आठवण काढलीय तफीदाची."

वर्ग चिडीचूप झाला. बखूम मटकन खाली बसला.

कुणी हसलं नाही. हसायला धीर कुणाला होता? हिला तफीदा माहीत, तर आपलीही माहीत असणार. सगळी पोरं हाताची घडी घालून बसली. पाव चौघांत वाटला गेला, मग आठ जणांत. भराभर हात वर झाले. इतका सुरेख पाठ मोहराएलने आजवर घेतला नव्हता, आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की तिला तो घेताना मजा येत होती. मुद्दाम तिने बखूमलाही एक गणित घातलं. त्याने मान न उचलता बरोबर उत्तर दिलं आणि बाहीला डोळे पुसले.

सुट्टीची घंटा झाली. पोरं अंगणात पोचली नाहीत तोच सुरू झालं.

"तफीदा! ए तफीदा, पाव दे!"

"तफीदाचं गाढव आलं रे!"

खिडकीतून सगळं दिसत होतं. बखूमने दोघांना लोळवलं. मग दहाजण त्याच्यावर पडले. सुटल्यावर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही कान हातांनी दाबून धरले.

मागच्या ओळीतली इस्तीर शेजारी येऊन कुजबुजली, "त्यापेक्षा थोबाडीत मारली असतीस, मेले."

"मग जाऊ बिजवराकडे? तू जातेस माझ्याऐवजी?"

इस्तीरने मान खाली घातली. बाकीच्या मुलीही खाली बघत राहिल्या. सगळ्यांना घरी भाऊ होते.

मासेर क्लोतिल्द उठून पुढे आली. तिचा चेहरा उजळून निघाला होता. "तीस वर्षं मी हेच सांगतेय, पोरींनो. आज पहिल्यांदा पाहायला मिळालं. छडी नाही, ओरडणं नाही. एवढा दांडगा मुलगा, पण हिने त्याला आईची आठवण करून दिली, तीही नाव घेऊन. बघता बघता लोणी झाला की नाही?" तिने खिडकीकडे कान केला. "आणि ऐकताय ना? आता सगळी मिळून त्याच्या आईचं नाव घेतायत."

मासेर मोहराएलकडे वळली. "त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं मी. आनंदाचं ना गं?"

तोंड उघडायची हीच वेळ होती. मोहराएलला अंगणातली भिंत दिसत होती. कालवाही दिसत होता.

"हो, मासेर," ती म्हणाली. "आनंदाचंच."

मासेरने तिच्या नावापुढे उत्तीर्ण लिहिलं, खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

"मग ठरलं. उद्या सकाळची प्रार्थना झाली की प्रत्येक मुलगा अख्ख्या शाळेपुढे येऊन आपल्या आईचं नाव मोठ्याने घेईल. पहिला मान बखूमचा. आणि लाजला, तर तू हाताला धरून पुढे आण त्याला, मोहराएल. तुझं तो ऐकतो."