केतकीचा दुवा

कुटुंबाच्या नोंदीत एकच ओळ होती: अविनाश, पल्लवी आणि बाळ. पहिली दोन नावं यंत्राने निळी केली होती. ज्या शब्दामागे जिवंत माणूस सापडे, त्याला ते दुवा मानी. ‘बाळ’ मात्र काळंच राहिलं होतं. खुर्ची किंवा पाऊस लिहावा, तसा साधा मजकूर.

“नाव नाही ना वहिनी, म्हणून,” खिडकीमागून नंदिनी पल्लवीला म्हणाली. नोंदणी कार्यालयातली कारकून तीच, आणि बाळाची आत्याही तीच.

“बारशाला तीन दिवस होते, वन्सं. तेवढंही थांबली नाही. आता यंत्र तिला फालतू शब्द समजून गाळणार ना?”

“आठवड्याभरात.” नंदिनीने मान खाली घातली. “नाव आत्याने ठेवायचं असतं. काय ठरलं होतं आपलं?”

“तुम्हीच तर घोकत होतात. केतकी.”

मृत्यू नोंदवला की दुवा तुटतो. नंदिनीने मृत्यूचा रकाना कोराच सोडला. मग पडद्याजवळ तोंड नेऊन, कानात सांगावं तसं हळूच नाव घेतलं आणि टाइप केलं. अक्षरं निळी झाली. पल्लवीला तेव्हा कुठे रडू फुटलं.

जन्मानंतरच्या सहाव्या आठवड्यात पल्लवीच्या फोनवर यंत्राचा निरोप आला: केतकीची लस, सोमवारी सकाळी दहा वाजता. बाळाला घेऊन यावे.

“काढून टाक गं ते नाव,” अविनाश म्हणाला. “पार शाळेपर्यंत येत राहतील हे निरोप.”

पल्लवीने फोन दूध आटलेल्या छातीशी धरला.

“येऊ देत,” ती म्हणाली. “तिला बोलावणारं दुसरं आहे कोण?”